मागचीं चाकें सरळ आहेत काय?

मोटार हांकणारा मनुष्य पुढच्या चाकांकडे जितकें लक्ष देतो, तितकें मागच्या चाकांकडे देत नाहीं. स्टिअरिंग फिरविलें कीं पुढचीं चाकें वळतात. तेव्हां गाडीला दिशा देणारीं तींच, आणि मागचीं चाकें केवळ त्यांच्यामागून येणारीं, अशी आपली समजूत असते. परंतु होडीचें सुकाणूं कोठें असतें? तें मागेंच असतें. मोटारीचीं मागचीं चाकें केसभर जरी वांकडीं बसलीं, तरी तींही सुकाणवाचें काम करूं लागतात. मात्र तें सुकाणूं हांकणाऱ्याच्या हातीं नसतें. ही गोष्ट मला पुस्तकावरून कळली नाहीं. ती पावसाळ्यांतील एका प्रवासांत कळली. ती कशी कळली, व त्यानंतर तीं चाकें सरळ कशीं केलीं, हें आपल्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम त्या गाडीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आज पिंपरीपासून चाकणपर्यंत मोटारींच्या कारखान्यांची एवढी दाटी आहे कीं, त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु जर्मनींतील मर्सिडीझ-बेंझ ही मोटार भारतांत प्रथम तयार होऊं लागली ती आपल्या पिंपरीस, ही गोष्ट पुष्कळ मुलांस ठाऊक नसते. १९९४ सालीं या कंपनीनें टेल्कोबरोबर भागीदारी करून आपली येथील शाखा काढली, व १९९५ सालीं टेल्कोच्या पिंपरी येथील आवारांत सुटे भाग जुळवून गाड्या बनविण्यास आरंभ झाला. त्या पहिल्या गाड्या 'डब्ल्यू १२४' या जातीच्या होत्या. पुढें २००३ सालीं टेल्कोचें नांव टाटा मोटर्स असें झालें, आणि २००९ सालीं मर्सिडीझनें चाकण येथें आपला स्वतंत्र कारखाना उघडला.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील त्या काळीं पिंपरीच्याच एका कारखान्यांत कामास होते. पाळी संपवून सायकलवरून घरीं जातांना त्या नव्या गाड्या ते रस्त्यानें जातांना पाहत. निवृत्त झाल्यावर त्यांनीं साठविलेल्या पैशांतून त्याच जातीची एक जुनी गाडी विकत घेतली. गाडी वयानें वृद्ध झाली होती. मागच्या बाजूनें खड्ड्यांत खडखड आवाज येई. तेव्हां त्यांनीं ती एका दुरुस्तीवाल्याकडे नेली, व मागच्या चाकांचे झिजलेले दांडे बदलून घेतले. खर्च वांचावा म्हणून जे दांडे 'चांगले दिसले' ते जुनेच ठेवण्यांत आले. चाकांचीं मापें कोणी घेतलीं नाहींत. त्या गृहस्थांनीं मला मोठ्या समाधानानें विचारलें, "सर, नवे दांडे घातले म्हणजे चाक सरळच बसणार, नाहीं का?" मीही मान डोलावली. या प्रश्नाचें खरें उत्तर आम्हां दोघांसही ठाऊक नव्हतें.

त्यानंतर पंधरा दिवसांनीं आम्ही चौघे, म्हणजे ते, त्यांची पत्नी, त्यांचा मुलगा व मी, एका लग्नासाठीं नारायणगांवास निघालों. श्रावणाची झड लागली होती. सरळ रस्त्यावर जातांनाही स्टिअरिंग किंचित् उजवीकडे धरावें लागत होतें. पण त्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. चाकण मागें टाकून आम्ही राजगुरुनगरच्या अलीकडे एका डाव्या वळणावर आलों. गाडीचा वेग बेताचाच होता. इतक्यांत गाडीची शेपटी उजवीकडे निसटली, गाडी अर्धी फिरली, आणि रस्त्याच्या कडेच्या चिखलांत रुतून उभी राहिली. समोरून त्या क्षणीं कोणतेंही वाहन येत नव्हतें, म्हणूनच आज मी हें लिहीत आहें. कोणासही इजा झाली नाहीं. परंतु त्या माउलीनें नंतर कित्येक दिवस त्या गाडींत पाऊल ठेवलें नाहीं.

आतां हें कां घडलें तें पाहूं. बैलगाडीचीं दोन्ही चाकें एकाच आंसावर असतात. त्यामुळें एक खड्ड्यांत गेलें कीं दुसरेंही कलतें. मोटारीच्या मागच्या प्रत्येक चाकास स्वतंत्रपणें खालींवर होतां यावें, पण इतर कोणत्याही दिशेनें हलतां येऊं नये, अशी योजना मर्सिडीझनें १९८२ सालीं आपल्या '१९०' या लहान गाडींत प्रथम आणली. १९८४ पासून ती डब्ल्यू १२४ मध्यें आली, आणि १९८९ सालीं निघालेल्या 'एसएल' या उघड्या टपाच्या स्पोर्ट्स मोटारींतही तीच वापरली गेली. तेव्हां पुढें जें सांगणार आहें तें त्या जुन्या स्पोर्ट्स मोटारींसही तसेंच लागू आहे.

या योजनेंत प्रत्येक चाकास पांच दांडे असतात. पांचच कां? पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं असा विचार करावा: मोकळी वस्तु सहा प्रकारें हलूं शकते. ती पुढें-मागें, डावी-उजवीकडे व खालीं-वर सरकते. आणि या तीनही दिशांच्या रेषांभोंवतीं वळूं शकते. एकेक दांडा यांतील एकेक मोकळीक काढून घेतो. पांच दांड्यांनीं पांच मोकळिका गेल्या, म्हणजे एकच उरली. ती खालीं-वर होण्याची. यावरून हेंही समजतें कीं, पांचांपैकीं एक दांडा जरी लांबींत चुकला, तरी चाकाची दिशा बिघडल्यावांचून राहत नाहीं. चार नवे दांडे पांचव्याची चूक भरून काढूं शकत नाहींत.

चाकाच्या बसणीचीं दोन मापें मुख्य आहेत. पहिलें 'टो'. गाडी वरून पाहिली असतां दोन्ही चाकांचे पुढचे कांठ एकमेकांकडे किंचित् झुकलेले असले, तर त्यास 'टो-इन' म्हणतात. बाहेर फाकलेले असले तर 'टो-आउट'. दुसरें माप 'कॅम्बर'. गाडी मागून पाहिली असतां चाकाचा माथा आंत किंवा बाहेर किती कलला आहे, तें यावरून कळतें. मागच्या चाकांस थोडें टो-इन ठेवलेलें असतें. तसें कां, तें आमच्या अपघातावरून कळेल. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकावर पडतो. तें चाक आंत झुकलेलें असलें तर गाडीच्या शेपटीला वळणाच्या आंत धरून ठेवतें. बाहेर फाकलेलें असलें तर शेपटीला बाहेर ओढतें. आमचें वळण डावें होतें, म्हणून बाहेरचें चाक उजवें. आणि दोष होता तो उजव्याच चाकांत.

हा दोष आम्हीं शोधला तो चिंचवडच्या त्यांच्या घरच्या फरसबंद अंगणांत. आणि त्यासाठीं लागणारीं साधनें गवंड्याच्या पिशवींत सांपडतील अशींच होतीं: दोरी, ओळंबा, पाणी भरलेली पारदर्शक नळी, आणि पोलादी पट्टी. अंगण सपाट आहे कीं नाहीं हें प्रथम पाण्याच्या नळीनें पाहिलें. जेथें एक चाक खालीं येत होतें तेथें फरशीचा पातळ तुकडा घातला. चारही टायरांत पुस्तकांत दिल्याप्रमाणें हवा भरली. मग एकेक मागचें चाक उचलून हातानें फिरविलें, व रिमच्या कांठाजवळ एक खिळा स्थिर धरून रिम वांकडी नाहीं याची खात्री केली. कारण रिमच वांकडी असेल तर पुढचीं सर्व मापें खोटीं ठरतात. येथें मुलांस एक सूचना: केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कधींही जाऊं नये. खालीं भक्कम लोखंडी स्टँड असलेच पाहिजेत, आणि जवळ जाणता मनुष्य असला पाहिजे.

यानंतर जें काम केलें तें पुष्कळ दुरुस्तीवाले करीत नाहींत. दांड्यांच्या टोंकांस रबराचे बुश असतात. बोल्ट आवळला म्हणजे बुशाच्या आंतली नळी घट्ट धरली जाते, व चाक खालींवर होतांना मधलें रबर पिळलें जातें. चाक लोंबकळत असतांना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येतांच तें रबर कायमचें पिळलेलें राहतें. गाडीची उंची बिघडते, आणि रबर लवकर फाटतें. म्हणून सर्व बोल्ट प्रथम सैल ठेवून गाडीचा भार चाकांवर येऊं द्यावा, गाडी दोन-तीन वेळां दाबून पुढें-मागें ढकलावी, आणि ती आपल्या स्वाभाविक उंचीवर उभी असतांनाच बोल्ट शेवटचे आवळावे. आमच्या गाडीचे बोल्ट लोंबकळत्या स्थितींत आवळलेले असावेत, असें दिसलें. ते सोडतांच मागचा भाग बोटभर खालीं बसला. उंची बदलली कीं टो व कॅम्बर दोन्ही बदलतात. यासाठीं उंची नीट होईपर्यंत मापें घेण्यांत कांहींच अर्थ नसतो.

मग दोरी. गाडीच्या दोन्ही बाजूंस चाकांच्या मध्याइतक्या उंचीवर एकेक दोरी ताणून बांधली. ती गाडीस न बांधतां जमिनीवरील जड स्टँडांस बांधली. पुढच्या चाकांमधील अंतर व मागच्या चाकांमधील अंतर हीं सारखीं नसतात. म्हणून दोरी चारही चाकांपासून सारख्या अंतरावर लावणें चुकीचें होय. नियम असा कीं, मागच्या दोन चाकांच्या मध्यबिंदूंपासून डावी व उजवी दोरी सारख्या अंतरावर असावी. पुढच्या दोन चाकांच्या बाबतींतही तसेंच असावें. आणि दोन्ही दोऱ्यांमधलें अंतर पुढें व मागें एकच असावें. या तीन अटी पुऱ्या झाल्या म्हणजे दोऱ्या गाडीच्या मध्यरेषेशीं समांतर झाल्या, असें समजावें. या कामास आम्हांस तास लागला. पण सर्व मोजमाप त्यावरच उभें असतें.

आतां मागच्या चाकाच्या रिमचा पुढचा कांठ दोरीपासून किती दूर आहे, व मागचा कांठ किती दूर आहे, तें मोजावयाचें. पुढचा कांठ अधिक दूर असला तर टो-इन, अधिक जवळ असला तर टो-आउट. आमच्या डाव्या चाकास १ मिलिमीटर टो-इन निघालें. उजव्या चाकास ३ मिलिमीटर टो-आउट! डोळ्यांनीं पाहिलें तर दोन्ही चाकें अगदीं सरळ दिसत होतीं.

तीन मिलिमीटर म्हणजे तें काय, असें कोणी म्हणेल. त्यानें पुढील हिशेब करावा. रिमच्या दोन कांठांमधलें अंतर सुमारें ४०० मिलिमीटर आहे; म्हणून १ मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारें साडेआठ मिनिटांचा कोन. (एका अंशाच्या साठाव्या भागास मिनिट म्हणतात.) डावें चाक १ मिलिमीटर आंत, म्हणजे उजवीकडे, झुकलेलें, उजवें चाक ३ मिलिमीटर बाहेर, म्हणजे तेंही उजवीकडेच. दोहोंची सरासरी २ मिलिमीटर उजवीकडे. म्हणजे मागचा भाग दर २०० मिलिमीटरांस १ मिलिमीटर उजवीकडे ढकलला जात होता. मागच्या चाकांच्या या सरासरी दिशेस 'थ्रस्ट लाइन' म्हणतात. या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २,८०० मिलिमीटर. तेव्हां मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेपासून १४ मिलिमीटर उजवीकडून चाललीं होतीं. गाडी खेंकड्यासारखी तिरपी चालत होती. आणि ती सरळ न्यावयाची म्हणून स्टिअरिंग उजवीकडे धरावें लागत होतें.

शिवाय, गाडी अशी तिरपी चालली तरी त्या वाटेच्या मानानें प्रत्येक चाक अजून १ मिलिमीटर बाहेर फाकलेलें राहतें. ४०० मिलिमीटरांस १ मिलिमीटर, म्हणजे एक किलोमीटरांत अडीच मीटर. चिंचवडहून चाकणला सुमारें २० किलोमीटर जातांना प्रत्येक मागचें टायर जणूं ५० मीटर आडवें फरफटत जातें! टायरांवरून बोट फिरविलें तेव्हां याचा पुरावाही मिळाला: एका बाजूनें बोट नेलें तर तें गुळगुळीत लागे, उलट बाजूनें नेलें तर करवतीसारखें. पंधरा दिवसांत आंतल्या कडा झिजूं लागल्या होत्या.

कॅम्बर ओळंब्यानें पाहिलें. फेंडरवरून ओळंबा सोडला, व रिमचा वरचा आणि खालचा कांठ त्यापासून किती दूर आहे तें मोजलें. या गाडींत कॅम्बर कमी-अधिक करण्यास मूळचा स्क्रू नाहीं. तें दांड्यांच्या लांबीवर व गाडीच्या उंचीवर ठरतें. म्हणूनच जे हौशी लोक गाडी खालीं आणण्यासाठीं आंखूड स्प्रिंग घालतात, त्यांच्या गाडीचीं मागचीं चाकें माथ्याकडे आंत झुकतात, व टायर आंतून झिजतात. त्यांस लांबी बदलतां येणारा वेगळा दांडा बसवावा लागतो.

टो मात्र बदलतां येतें. पांचांपैकीं एका दांड्याच्या आंतल्या टोंकास एक्सेंट्रिक बोल्ट असतो. त्याची दांडी माथ्याच्या मध्यावर नसून एका बाजूस असते. त्यामुळें तो फिरविला म्हणजे दांड्याचें टोंक किंचित् आंत किंवा बाहेर सरकतें. नट सैल करावा, बोल्ट थोडा फिरवावा, नट आवळावा, आणि पुन्हां मोजावें. आवळतांना माप बदलतें, म्हणून पुन्हां मोजल्यावांचून पुढें जाऊं नये. चाक जमिनीस घट्ट चिकटून राहूं नये यासाठीं प्रत्येक मागच्या चाकाखालीं मधें ग्रीस लावलेल्या दोन गुळगुळीत टाइल्स ठेवाव्या, म्हणजे तें सहज सरकतें.

डावें चाक थोडक्यांत जमलें. उजव्याचा बोल्ट फिरवीत फिरवीत शेवटास पोंचला, तरी तें चाक दोरीपासून हवें तितकें वळेना. आतां काय करावें? मुलगा म्हणाला, "सर, बोल्टाचें भोंक कानशीनें थोडें वाढवूं या, एवढ्यानें भागेल." सूचना चतुर होती, आणि तसें केलें असतें तर माप जुळलेंही असतें. पण त्याचे वडील कारखान्यांत वाढलेले. ते म्हणाले, "बोल्ट पुरला नाहीं, याचा अर्थ बोल्ट लहान आहे असा नव्हे. चूक दुसरीकडे कोठेंतरी आहे, आणि ती आपण बोल्टाच्या माथीं मारतों आहोंत."

आम्हीं उजव्या बाजूचे पांचही दांडे सोडले, व डाव्या बाजूच्या त्याच दांड्यांशेजारीं एकेक करून कांचेच्या तक्त्यावर ठेवून पाहिले. चार जुळले. पांचवा, जो 'चांगला दिसला' म्हणून जुनाच ठेवला होता, तो मधें वांकलेला निघाला. कोणा पूर्वीच्या मालकानें केव्हांतरी चाक दगडावर किंवा फुटपाथवर आदळलें असावें. हातांत धरून पाहिला तर तो सरळच वाटे. कांचेवर ठेवला तेव्हां त्याच्याखालून नखाएवढा उजेड दिसला. त्याच उजेडाच्या फटींतून आम्ही चौघे त्या दिवशीं निसटलों होतों.

नवा दांडा आणला. पुन्हां भार, पुन्हां बोल्ट, पुन्हां दोरी. या वेळीं उजव्या बाजूचा बोल्ट जवळजवळ मध्यावर असतांनाच दोन्ही चाकांस सारखें टो-इन मिळालें, व तें पुस्तकांतील मर्यादेंत बसलें. दोन्ही बाजूंचें कॅम्बरही एकसारखें झालें. मागचीं चाकें सरळ झाल्यावरच पुढच्या चाकांस हात लावावयाचा, हा क्रम कधींही उलटा करूं नये. मागचीं वांकडीं असतां पुढचीं त्यांच्या दिशेशीं जुळवून घेतलीं, तर स्टिअरिंग सरळ दिसेल, पण गाडी तिरपीच चालेल. व्याधि तशीच राहून केवळ लक्षण नाहींसें होईल.

शेवटीं गाडी संगणकावर चाकें मोजणाऱ्या एका दुकानांत नेली. चारही चाकांवर खुणेच्या पाट्या लावून यंत्रानें मापें दाखविलीं. आमच्या दोरीच्या व त्याच्या मापांत चार-पांच मिनिटांहून अधिक फरक नव्हता. तो त्या यंत्रावर काढून टाकला, आणि पुढचीं चाकें मागच्यांस अनुसरून बसविलीं. कोणीं असें समजूं नये कीं मी यंत्रापेक्षां दोरी श्रेष्ठ मानतों. यंत्र अधिक बारीक मोजतें, यांत शंका नाहीं. परंतु ज्यानें एकदां दोरीनें मोजलें आहे, त्यास यंत्राचे आंकडे वाचतां येतात. आणि बोल्ट शेवटास पोंचला तर थांबावें केव्हां, हेंही त्यास समजतें.

पालकांस माझी विनंति एवढीच. जुन्या गाडीचे मागचे दांडे, बुश, स्प्रिंग किंवा शॉक अॅब्सॉर्बर बदलाल, तेव्हां दुरुस्तीवाल्यास तीन गोष्टी विचाराव्या: बोल्ट शेवटचे आवळले तेव्हां गाडी जमिनीवर उभी होती काय? चारही चाकें मोजलीं, कीं पुढचीं दोनच? आणि मागच्या दोन चाकांचीं मापें वेगवेगळीं लिहून दाखवाल काय? या प्रश्नांस जो रागावेल त्याच्याकडून गाडी परत आणावी. मापाचा कागद मागण्यांत कोणाचा अपमान नाहीं. तो कागद मागच्या आसनावर बसलेल्या मुलांसाठीं असतो.

पुढच्या पावसाळ्यांत आम्ही चौघे पुन्हां त्याच रस्त्यानें गेलों. तें डावें वळण आलें तेव्हां बोलणें आपोआप थांबलें. गाडी शांतपणें वळली, व सरळ झाली. त्या माउलीनें खिडकीबाहेर पाहत एवढेंच विचारलें, "हेंच का तें वळण?" मुलानें स्टिअरिंगवरचा एक हात क्षणभर उचलून दाखविला; तें कोठेंही न कलतां मध्यावर उभें होतें.